कोपऱ्यावरच्या घराचा बर्फ

बर्फ थांबून दीड दिवस होऊन गेला होता आणि शुभा नाडगौडाच्या यादीत अजून बावीस पत्ते शिल्लक होते. फेब्रुवारीतलं हे चौथं वादळ. हिवाळ्यातल्या पहिल्या वादळात लोक फावडं हातात घेऊन एकमेकांची विचारपूस करतात, मुलं घसरगुंड्या खेळतात, शेजारी शेजाऱ्याच्या गाडीवरचा बर्फ झाडून देतो. दुसऱ्या वादळाला कंबरा धरतात. चौथ्यापर्यंत सगळं गाव इतकं दमलेलं असतं की कोणी कोणाशी बोलत नाही, नुसतं खाली मान घालून उपसत राहतं.

शुभाही दमली होती. पाचला उठून आधी स्वतःच्या घरापुढचा साइडवॉक, म्हणजे फुटपाथ, साफ करायचा, कारण नगरपालिकेच्या इन्स्पेक्टरच्याच दारात बर्फ दिसला तर लोक फोटो काढतात. मग सात ते सात ड्यूटी. नवरा गुरुदत्त सप्टेंबरपासून तिकडे वाळवंटात, चँडलरला, चिपच्या एका कारखान्याच्या कामावर. रोज संध्याकाळी तो फोनवर अंगणातलं ऊन दाखवायचा आणि शुभा आपला कॅमेरा बंद ठेवून नुसती ऐकायची. मुलगा अथर्व कॉलेजात, दुसऱ्या राज्यात. घरी वाट बघणारं कोणी नाही हे तिला या दिवसांत बरंच वाटायचं. बूट काढले की ती सोफ्यावर आडवी व्हायची ती पहाटेपर्यंत.

हार्लो फॉल्स हे सरोवराच्या काठचं गाव. वारा पाण्यावरून येताना ओल उचलतो आणि सगळी गावावर आणून टाकतो. तिथे बर्फाची वाटणी ठरलेली आहे. रस्ते नगरपालिकेचे, साइडवॉक घरवाल्याचा. नगरपालिकेचे प्लाऊ, म्हणजे बर्फ लोटणारे ट्रक, आधी हॉस्पिटलकडे जाणारे मोठे रस्ते साफ करतात, मग बसचे, मग शाळांचे, आणि शेवटी गल्ल्या. घरवाल्याने बर्फ थांबल्यापासून चोवीस तासांत आपल्या घरापुढचा साइडवॉक, निदान तीन फूट रुंद, मोकळा करायचा. कोपऱ्यावरचं घर असेल तर दोन्ही बाजू करायच्या, आणि कोपऱ्यावरचा तो उतारही, जिथून व्हीलचेअर आणि बाबागाड्या रस्त्यावर उतरतात. नाही केलं तर शेजारी फोनवरून फोटो पाठवतात, फोटोचा पत्ता होतो, पत्ता शुभाच्या यादीत येतो आणि शुभा त्या दारावर नारिंगी नोटीस अडकवून येते. पुढच्या चोवीस तासांत माणूस हलला नाही तर नगरपालिका आपला कॉन्ट्रॅक्टर पाठवते.

सांगलीला सिव्हिलचा डिप्लोमा केला तेव्हा आपण एक दिवस परमुलखात लोकांच्या दारातला बर्फ टेपने मोजत फिरू असं तिला कोणी सांगितलं असतं, तर तिला हसू आलं असतं. पण अकरा वर्षं झाली होती या कामाला. लोकांची कारणं तिला पाठ होती. कोणाची पाठ, कोणाचं मशीन बिघडलेलं, कोणी कालच साफ केलं होतं आणि प्लाऊवाल्याने रस्त्यावरचा सगळा ढीग परत दारात लोटला. ही शेवटची तक्रार बहुतेक वेळा खरी असायची. शुभा सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि नोटीस अडकवायची.

त्या शुक्रवारी सकाळी तिचा सुपरवायझर रेमंड याने यादीतल्या एका पत्त्यावर बोट ठेवलं. वेक्सफर्ड आणि लिंडन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरचं घर. तिथली ही तिसरी तक्रार होती. आणि आता नुसती तक्रार राहिली नव्हती. मंगळवारी सकाळी सहा वीसला बस पकडायला निघालेली एक बाई त्या कोपऱ्यावर घसरून पडली होती. उजवं मनगट, दोन्ही हाडं. रेमंडने विचारलं की पहिल्या दोन तक्रारींना तू काय केलंस. शुभाने सांगितलं की पाहून आले होते, पुन्हा बघू असं लिहिलं होतं. मग तिने तेही सांगून टाकलं, की ही माणसं माझ्या ओळखीची आहेत, दुसऱ्या कोणाला पाठवता येईल का. रेमंड म्हणाला की दुसरा इन्स्पेक्टर तापाने पडलाय, आणि या गावात माझ्याही ओळखीची माणसं कमी नाहीत. जा आणि नीट लिहून आण.

ते घर डॉक्टर दिगंबर हर्डीकरांचं. हाडांचे डॉक्टर. पन्नास वर्षांपूर्वी या गावात आलेले, तेव्हा इथे मराठी बोलणारं दुसरं घर नव्हतं. निम्म्या गावाची हाडं त्यांनी जोडली असतील. सोळा वर्षांपूर्वी शुभा आणि गुरुदत्त चार वर्षांच्या अथर्वला घेऊन इथे आले, तेव्हा पंधराव्या दिवशी तो अपार्टमेंटच्या पायऱ्यांवरून पडला आणि कोपर मोडून बसला. डॉक्टरकाकांनी तो हात बसवला आणि वीणाकाकूंनी मायलेकरांना चार दिवस आपल्या घरी ठेवून घेतलं. त्यानंतर दर गणपतीला, दर संक्रांतीला त्यांच्या घरी जेवण ठरलेलं. काकू रविवारी तळघरात मुलांना मराठी शिकवायच्या, आणि शुद्धलेखनाची चूक झाली तर मुलांबरोबर आयांनाही झापायच्या.

हे सगळं गेल्या दोन वर्षांत थांबलं होतं. काकूंचे गुडघे गेलेत, बाहेर पडवत नाही, असं काका गावातल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना एकटे येऊन सांगायचे. मग तेही येईनासे झाले. शुभाने दिवाळीला मेसेज केला होता. त्यांनी दिव्याचं चित्र पाठवलं होतं.

पहिली तक्रार आली तेव्हा शुभा गाडीतूनच पाहून गेली होती. दोन्ही बाजूंचा साइडवॉक तसाच, पायांनी तुडवून गुळगुळीत झालेला. काका करतील उद्या, असं म्हणून तिने गाडी पुढे काढली. दुसऱ्या वेळीही तेच. त्यांच्या दारावर आपल्या हाताने नारिंगी कागद अडकवायचा, हे तिला जमेना. आता एका बाईचं मनगट मोडलं होतं आणि यादीतल्या इतर पत्त्यांनी ते झाकलं जाणार नव्हतं.

तरी तिने तो पत्ता अकरा वाजेपर्यंत लांबवलाच.

वेक्सफर्डच्या बाजूने साधारण साठ फूट, लिंडनच्या बाजूने शंभर. वर परवाचा ताजा बर्फ आणि खाली आठवड्याभराचं घट्ट, करडं आइस. कोपऱ्यावर प्लाऊने लोटलेला ढीग शुभाच्या कमरेइतका होता. तिने फोटो काढले, टेप टाकून मोजलं. मग दाराकडे वळली आणि थांबली. पायऱ्यांपासून रस्त्याच्या दिशेने दोन माणसांची पावलं उमटलेली होती. एक बुटांची, लांब टांगांची, धावत गेल्यासारखी. दुसरी लहान आणि उथळ, बुटाची नव्हेतच. मोज्यांची असावीत. दोन्ही पंधरावीस पावलांवर एकत्र येऊन तिथे बर्फ विस्कटलेला होता, आणि तिथून ती शेजारी शेजारी परत आली होती. शुभाला त्याचा अर्थ लागेना. तिने बेल वाजवली.

बऱ्याच वेळाने दार उघडलं, तेही वीतभर. काकांचे गाल आत गेले होते. दाढी दोन दिवसांची. या माणसाला तिने बिनइस्त्रीच्या शर्टात कधी पाहिलं नव्हतं.

"शुभा," ते म्हणाले. तिच्या अंगावरचं पिवळं जाकीट आणि गळ्यातलं ओळखपत्र त्यांनी पाहिलं. "ऑफिसातून आलीयस की घरून?"

"ऑफिसातून, काका."

"मग कागद दे आणि जा."

त्या घराने तिला आजवर दारातून परत पाठवलं नव्हतं. तिने नोटीस दिली. त्यांनी ती चष्म्याशिवाय लांब धरून वाचली, आणि हळू आवाजात, मागे कोणी झोपलेलं असावं तसं, सांगायला लागले. बारा वर्षं ज्याच्याकडून बर्फ काढून घ्यायचे तो माणूस धंदा बंद करून मुलाकडे राहायला गेला. नवा बघितला, तो दोनदा येऊन यायचा थांबला. त्याचं काय बिनसलं हे त्यांनी सांगितलं नाही. करू, म्हणाले. बघतो. दार लोटायला लागले.

तेव्हा शुभाने सांगितलं की मंगळवारी कोपऱ्यावर एक बाई पडली.

दार थांबलं.

"कुठला हात?" त्यांनी विचारलं. पडली म्हटल्यावर हातच, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"उजवा. मनगट. दोन्ही हाडं."

"वय?"

"एक्केचाळीस. नर्सिंग होममध्ये काम करते. म्हाताऱ्यांना आंघोळी घालते."

दाराच्या कडेवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती. शुभाला वाटलं होतं की हे सांगितल्यावर आपल्याला थोडं हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. मग तिने उरलेलंही सांगितलं. "काका, मी मागच्या आठवड्यात दोनदा इथून गेले. दिसत होतं मला. तुमचं घर म्हणून थांबले नाही. तेव्हाच कागद लावला असता तर सिटीचा माणूस येऊन साफ करून गेला असता."

ते उत्तर देणार तेवढ्यात त्यांच्या हाताखालून कोणीतरी वाकून बाहेर आलं. वीणाकाकू. अंगात पातळ गाऊन, पायांत नुसते मोजे, केस मोकळे. त्या सरळ पायऱ्या उतरायला लागल्या. गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

"ताई, आलीस होय," त्या शुभाचा हात धरून म्हणाल्या. "किती वेळ वाट बघतेय. चल, उशीर झाला."

काकांनी कसलीही घाई केली नाही. ते पायऱ्या उतरून काकूंच्या पुढे जाऊन उभे राहिले, दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले आणि म्हणाले की ताईला आधी चहा तर देऊ. काकूंना ते पटलं. शुभाला बर्फातल्या पावलांचा अर्थ लागला.

आत स्वयंपाकघरात तिला सगळं कळलं. गोष्ट उघडी पडलीच होती, त्यामुळे काकांनी आता काही झाकलं नाही. पावणेदोन वर्षं काकूंची आठवण जात चालली होती. आधी शब्द गेले, मग दिवस, मग माणसं. घर त्यांना ओळखीचं वाटत नाही, म्हणून त्या सारख्या घरी जायला निघतात. काका बाहेर पडले की त्या मागोमाग निघतात, असतील तशा. नवा बर्फवाला आला त्या दिवशी खिडकीत परका माणूस बघून त्या ओरडत बाहेर धावल्या. दुसऱ्या वेळीही तेच, आणि तो घाबरून यायचाच थांबला. एकदा काकांनी बाहेरून कुलूप लावून पंधरा मिनिटं बर्फ काढला. परत आले तेव्हा दारावर हात आपटून आपटून काकूंचे तळवे काळेनिळे झाले होते. त्यानंतर त्यांनी कुलूप लावलं नाही. डिसेंबरात एका सकाळी त्यांचा डोळा लागला आणि काकू लिंडनच्या टोकापर्यंत पोचल्या. नगरपालिकेच्या प्लाऊच्या ड्रायव्हरने गाडी थांबवली, स्वतःचं जाकीट त्यांच्या अंगावर घातलं आणि घरोघर बेल वाजवत त्यांना आणून पोचवलं. त्याने कुठे कळवलं नाही. काकांनी कळवू नका म्हणून विनवलं होतं.

"सावनीला माहीत आहे?" शुभाने विचारलं. सावनी ही त्यांची मुलगी, दूर दुसऱ्या राज्यात, अल्फारेटाला असते.

सावनीला विसरभोळेपणा माहीत होता. सकाळी दहा ते अकरा काकूंची वेळ बरी असते, तेव्हाच काका व्हिडिओ कॉल करायचे. मुलीने एकदा पाहिलं की ती दोघांना उचलून तिकडे नेईल, आणि हे घर सोडलं की वीणाला उरलंसुरलंही ओळखू येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि मंडळात कोणाला सांगायचं म्हटलं तर, ज्या बाईने सगळ्यांच्या वेलांट्या सुधारल्या तिच्याबद्दल लोक हळहळत बोलणार. ते त्यांना नको होतं.

शुभाने घड्याळ पाहिलं. तिने कामाचंच बोलायला सुरुवात केली, कारण दुसरं काय बोलावं ते सुचेना. पासष्टच्या वरच्या लोकांसाठी नगरपालिकेची एक यादी असते. फॉर्म भरला की व्हॉलंटियर येऊन बर्फ काढून जातात.

"फॉर्मवर कारण लिहावं लागतं का?"

लागत होतं. ते मानेनेच नाही म्हणाले. मग ती म्हणाली की मी करते, आत्ता करते, गाडीत फावडं आहे. नाहीतर मंडळातल्या चार जणांना सांगते, काही विचारणार नाहीत.

"बर्फ काढायला मला कोणी नकोय," काका म्हणाले. "सत्त्याहत्तर वर्षांचा आहे, पण हात चांगले आहेत माझे. पाठही चांगली आहे. दीडशे फूट म्हणजे माझ्या हिशेबी काही नाही. तू फक्त इथे बस हिच्याजवळ. तेवढंच कोणी करत नाही."

कोणी करत नाही कारण कोणाला माहीत नाही, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिला अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी होती आणि पंधरा पत्ते बाकी होते. तिने रेमंडला मेसेज केला की कोपऱ्यावरच्या घरी वेळ लागेल, आणि जाकीट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलं.

काकांनी गॅरेजमधून फावडं काढलं, जुनं लोखंडी, आणि आइस फोडायची पहारही. टोपी घातली. जाताना त्यांनी काकूंकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्या उठल्या असत्या.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग काकू विचारायला लागल्या, ते कुठे गेले. बाहेर आहेत, येतील. ते कुठे गेले. बर्फ काढताहेत. दर मिनिटाला तोच प्रश्न, प्रत्येक वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखा, आणि आवाज थोडा थोडा चढत चाललेला. त्या दाराकडे निघाल्या तेव्हा शुभाने त्यांना दिवाणखान्याच्या मोठ्या खिडकीशी नेलं आणि बोट दाखवलं. ते बघा काका.

काकूंनी काचेला कपाळ टेकवून पाहिलं. बाहेर काका पहारीने आइस फोडत होते. घाव घालायचे, चार पावलं पुढे सरकायचे, मागे येऊन तुकडे उचलायचे, गवताच्या बाजूला एका रेषेत टाकायचे. कडा टेप लावल्यासारखी सरळ येत होती.

"कोण आहे तो?" काकू म्हणाल्या. "चांगलं काम करतो."

"हो ना," शुभा म्हणाली.

"त्याला चहा द्यायला पाहिजे."

मग दोघी तिथेच खुर्च्या ओढून बसल्या. अर्धा तास होऊन गेला. काकूंनी शुभाचा हात मांडीवर घेतला आणि तिची बोटं एकेक करून मोजायला लागल्या, पाचापर्यंत जायच्या आणि पुन्हा अंगठ्यापासून सुरू करायच्या. खोली उबदार होती. शुभाचे डोळे मिटायला लागले. एकदा दचकून तिने बाहेर पाहिलं तर काका लिंडनच्या बाजूला, मधोमध, फावड्यावर दोन्ही हात टेकून उभे होते. छातीत दुखतंय की काय म्हणून ती उठली. पण ते दम खात नव्हते. तोंड वर करून आभाळाकडे बघत होते, नुसते. पाच मिनिटं, सात मिनिटं. कोणी त्यांना काही विचारत नव्हतं, कोणाच्या मागे त्यांना धावायचं नव्हतं. पावणेदोन वर्षांत पहिल्यांदा ते एकटे होते. शुभा परत खाली बसली आणि तिने घड्याळ बघायचं सोडून दिलं.

सगळं व्हायला पावणेदोन तास लागले. कोपऱ्याचा ढीग त्यांनी शेवटी फोडला, उतारापर्यंत. आत आले तेव्हा चेहरा लाल झाला होता आणि मिशांवर बर्फाचे कण होते. काकूंनी त्यांना ओळखलं, आणि एवढा वेळ कुठे होतात म्हणून रागावल्या.

शुभाने जाकीट घालताना सांगितलं की नोटीस आता नोंदली गेलीय, ती मला मागे घेता येणार नाही. आज साफ केल्याचं लिहीन, पण कागद राहील. आणि त्या बाईचं प्रकरण वेगळं, त्याचं पत्र येईल. काका म्हणाले, राहू दे, तो राहायलाच पाहिजे. त्यांनी बाईचं नाव विचारलं. तेही तिला सांगता येत नव्हतं. त्यांनी आग्रह केला नाही.

त्या दिवशी शुभाचे नऊ पत्ते राहिले. रेमंडने कारण विचारलं, तिने अर्धं सांगितलं. त्याने तोंड वाकडं केलं आणि राहिलेले पत्ते शनिवारच्या यादीत टाकले. शनिवार तिच्या सुट्टीचा होता.

पुढच्या गुरुवारी पुन्हा सात इंच बर्फ पडला. शुक्रवारी दुपारी शुभा जेवणाच्या सुट्टीत वेक्सफर्डवर गेली आणि काकूंजवळ बसली. काकांनी बर्फ काढला. या खेपेला ते लवकर आत आले आणि बराच वेळ हातमोजे न काढता टेबलाशी बसून राहिले. मग म्हणाले की ती बाई भेटली.

बसस्टॉपकडे जाताना ती कोपऱ्यावर आली होती, हात गळ्यात, प्लास्टर कोपरापर्यंत. काकांनीच तिला थांबवलं. हे माझं घर, म्हणाले, तू पडलीस ती माझ्यामुळे. मग त्यांनी तिला बोटं हलवून दाखवायला सांगितली. चाळीस वर्षांची सवय. बोटं सुजलेली होती. हात छातीच्या वर ठेव, रात्री खाली उशी घे, त्यांनी सांगितलं. ती म्हणाली की हे मला हॉस्पिटलात सांगितलंय. म्हणाली की कामावर आता तिला फोन उचलायला बसवलंय, आणि घरी पोरीची वेणी घालता येत नाही. काकांनी माफी मागितली. तिने मान हलवली, पण असू दे म्हणाली नाही.

"मग?" शुभाने विचारलं.

"मग म्हणाली, कोपऱ्यावर नुसता बर्फ काढून भागत नाही, मीठ टाका. आणि गेली." काकांनी हातमोजे काढले. "बरोबर बोलली. मीठ टाकून आलोय."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आणखी एक वादळ आलं. शुभाला त्या वेळी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला टाकलं होतं, शाळांच्या भागात. तिने काकांना फोन करून सांगितलं की आज जमणार नाही, उद्याही कठीण आहे. ते म्हणाले, बरं. तो एक शब्द तिला दिवसभर टोचत राहिला. दुसऱ्या दिवशी सुट्टीचा अर्धा तास सगळा गाडी चालवण्यात घालवून ती तिथे पोचली, तेव्हा साइडवॉक दोन्ही बाजूंनी मोकळा झालेला होता, कोपऱ्यासकट. उतारावर मिठाचे खडे पसरलेले.

दार गिरिजाताईंनी उघडलं. या मंडळातल्याच, लायब्ररीतून निवृत्त झालेल्या, तीन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या. काकांनी आदल्या रात्री त्यांना फोन केला होता. गिरिजाताईंनी हळू आवाजात सांगितलं की फोनवर आधी ते पाच मिनिटं हवामानाबद्दलच बोलत होते. मग म्हणाले, वीणा आता मला ओळखत नाही रोजच्या रोज, तू येऊन दोन तास बसशील का. गिरिजाताईंना रडू आलं होतं, पण त्यांनी फोनवर ते कळू दिलं नाही. आता त्या मंगळवारी आणि शुक्रवारी येणार होत्या, बर्फ असो वा नसो. सावनीलाही काकांनी कळवलं होतं, सगळं, दहा ते अकराच्या बाहेरचं. ती शनिवारी येऊन पोचणार होती. अल्फारेटाला जायचं की नाही यावर बापलेकींचं आत्ताच फोनवर एक भांडण होऊन गेलं होतं.

"काका कुठे आहेत?"

"झोपलेत," गिरिजाताई म्हणाल्या. "साफ करून आले आणि म्हणाले जरा पडतो. दोन तास झाले. उठवू का?"

शुभा नको म्हणाली. आतून काकूंचा आवाज येत होता, कोणाला तरी काहीतरी शिकवत असल्यासारखा. थोडा वेळ बस म्हणून गिरिजाताईंनी आग्रह केला, पण बसायला आता कारण उरलं नव्हतं आणि वेळही. शुभा गाडीत येऊन बसली. गाडी सुरू केली, हीटर लावला. पोळीभाजीचा डबा मांडीवर घेतला, उघडलाही, पण खायची ताकद नव्हती. रडू येईल असं वाटलं, तेही आलं नाही. तिने सीट मागे पाडली आणि डोळे मिटले.

फोन वाजला तेव्हा काचा आतून धुरकट झाल्या होत्या. रेमंड होता. शाळेजवळच्या पाच नव्या तक्रारी आल्यात, म्हणाला, तू आहेस कुठे. शुभाने त्याला पहिल्या पत्त्याचा नंबर विचारला, डब्याचं झाकण लावलं आणि हाताने काच पुसून गाडी रस्त्यावर घेतली.